चाचणी थांबवण्याचं कारण

पहिल्या दोनांत आम्ही पंधरा जण आहोत.

कसं ते सांगते. आमच्या सरांच्या हाताखाली आजवर पंधरा जणांनी पीएचडी केली, त्यातली पंधरावी मी. पंधराही जणांना पुढे कुठे ना कुठे अर्ज करताना सरांचं शिफारसपत्र लागलं, आणि पंधराही पत्रांत एक वाक्य आहे: 'माझ्या वीस वर्षांच्या अनुभवातल्या पहिल्या दोन विद्यार्थ्यांमध्ये यांची गणना करावी लागेल.' तो वीस वर्षांचा अनुभवही हलायला तयार नाही. मी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं तेव्हा वीस होता, त्याला आता नऊ वर्षं होऊन गेली, तरी वीसच आहे.

याचं कारण सोपं आहे. ती पत्रं सरांनी लिहिलेलीच नाहीत. सरांकडे पत्र मागायला गेलं की ते मान वर न करता म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग माणूस आपल्या आधीच्याकडून एक फाइल मागून घेतो. त्या फाइलला प्रयोगशाळेत 'पोथी' म्हणतात. पोथीत नाव बदलायचं, विषय बदलायचा, तारीख बदलायची, छापायचं, आणि सर जेवायला उठायच्या बेतात असताना समोर धरायचं. भुकेच्या वेळी ते चष्माही लावत नाहीत.

मी याचं समर्थन करत नाही. पण मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं, कारण मी चांगली आहे हे मला ठाऊक होतं. यात गर्वाचा भाग थोडा असेल, पण नोंदींचा जास्त आहे.

माझं काम बेअरिंगवर. जे जे फिरतं त्यात बेअरिंग असतं, पंख्यात, सायकलच्या चाकात, कपडे धुण्याच्या मशीनमध्ये. तळघरातल्या आमच्या यंत्रावर आम्ही तळहाताएवढं बेअरिंग चढवतो, त्यावर भार टाकतो आणि ते मोडेपर्यंत फिरवतो. मोडायच्या किती तास आधी त्याच्या कंपनावरून ते ओळखता येईल, हा माझा प्रबंध. बाकीचे दहा-बारा तास आधी ओळखतात. मी साठ तास आधी ओळखते. हे यंत्र सरांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी उभं केलेलं आहे आणि त्याला कुणी नाव ठेवलेलं त्यांना खपत नाही.

तिथे गेल्यावर पहिल्या महिन्यात मी एक फॉर्म तयार केला. त्याआधी चाचणीच्या नोंदी लोकांनी वहीत, पाकिटावर, एकाने तर भिंतीवर केल्या होत्या. मी रकाने पाडले: नमुना क्रमांक, भार, तापमान, आवाज, वंगण, नोंदवलेले बिघाड, इतर नमुन्यांशी तुलना, आणि सगळ्यात शेवटी चाचणी थांबवण्याचं कारण. कारणं तीनच दिली. नमुना मोडला, वेळ संपली, यंत्र अपुरे. तिसऱ्याचा अर्थ असा की नमुना ठणठणीत आहे, आणखी भार घ्यायला तयार आहे, पण आमच्या यंत्राचीच ताकद संपली.

सरांनी फॉर्म वाचून विचारलं होतं, "हे तिसरं कशाला? आपलं यंत्र कधी कमी पडत नाही."

"असू द्या, सर. वेळ सांगून येत नाही."

"छापायचं तर छाप. लिहिणार कुणी नाही."

खरंच कुणी लिहिलं नाही. नऊ वर्षांत शेकडो फॉर्म भरले गेले आणि तिसरं कारण एकदाही लागलं नाही. माझा दुसरा नियम मात्र सगळ्यांच्या अंगावर आला: एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकामा रकाना दिसला की मी तो फॉर्म घेऊन माणसाच्या मागे जायची, भर जिन्यातसुद्धा ओरडायची. मला 'भोंगा' हे नाव तिथेच पडलं. मिस्त्री, म्हणजे आमचे कार्यशाळेतले जुने कारागीर, ते तर तोंडावर म्हणायचे. माझी हरकत नव्हती.

पीएचडी झाली आणि मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. पहिल्या वर्षाला यंत्रचित्रं. शंभर पोरांना एका वर्तुळाचा मध्य काढायला शिकवायचा आणि त्यातल्या नव्वदांचा मध्य वर्तुळाबाहेर निघालेला बघायचा. काम वाईट नाही, पण मला संशोधन करायचं होतं, आणि त्यासाठी पोस्टडॉक करायची होती. म्हणजे दोन-तीन वर्षं दुसऱ्या कुणाच्या प्रयोगशाळेत राहून आपलं काम पुढे न्यायचं. ही पदं शोधणं हाच एक विषय आहे, त्यावर कुणीतरी पीएचडी करावी. संकेतस्थळावर जायचं, 'अभियांत्रिकी व संबंधित शाखा' यावर खूण करायची, आणि समोर येणाऱ्या चारशे जाहिरातींमधून आपली हुडकायची. सगळ्यांना उत्साही, स्वयंप्रेरित आणि संघात मिसळणारा उमेदवार हवा असतो. मिसळण्याचं सोडलं तर मी सगळ्यात बसत होते.

मी तक्ता केला. विद्यापीठ, प्राध्यापक, अंतिम तारीख, काय पाठवलं, काय उत्तर आलं. पाठवलेलं पिवळं, नकार तांबडा, होकार हिरवा. अडीच वर्षांत एक्केचाळीस ओळी झाल्या. त्यातल्या चार तांबड्या, बाकी पिवळ्या. हिरवा रंग मी फक्त वर, रंगांचा अर्थ सांगायला वापरला होता.

ताई, माझी मोठी बहीण, रुग्णालयात परिचारिका आहे. मी तिच्याकडेच राहते. तिने एकदा कपडे घड्या करता करता तो तक्ता पाहिला.

"चाळीस जणांना एकच औषध दिलंस आणि एकालाही गुण आला नाही," ती म्हणाली. "मी असते तर बाटलीवरचं लेबल वाचलं असतं."

"औषध चांगलं आहे, ताई. रोग्यांना कळत नाही."

"हो का, शहाणे? मग बस पिवळं करत."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ताईकडे दुर्लक्ष करायची मला लहानपणापासून सवय आहे आणि दर वेळी ती महागात पडते.

बेचाळिसावा अर्ज मी जपून ठेवला होता. तो ज्या बाईंकडे करायचा होता त्यांचे लेख मी विद्यार्थी असल्यापासून वाचत आले. त्यांच्याकडे पवनचक्कीच्या बेअरिंगची चाचणी घेणारं यंत्र आहे. बेअरिंग एवढं मोठं की माणूस त्याच्या आत उभा राहील. असली यंत्रं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माझी पद्धत तळहाताएवढ्या बेअरिंगवर चालते हे सिद्ध झालं होतं. मोठ्यावर चालते का, हे कळायला तीच जागा होती. त्यांची जाहिरात निघाली आणि मी आधी दिवस मोजले, कारण खाली अट होती: पीएचडी मिळून तीन वर्षं पूर्ण झालेली नसावीत. नेमणूक होईल त्या तारखेला. माझी तीन वर्षं भरायला तेवीस दिवस उरले होते. ही अट सगळीकडेच असते; इथे घेतलं नाही तर पुढच्या कुठल्याच जाहिरातीत मी बसणार नव्हते. मग आयुष्यभर वर्तुळाचे मध्य.

अर्ज गेला, पोथीतलं पत्र गेलं. सरांचा पासवर्ड मलाच पाठ असल्यामुळे चढवलंही मीच. चौथ्या दिवशी, सोमवारी दुपारी, तास संपवून खडूचे हात झटकत असताना बाईंची मेल आली. जशीच्या तशी सांगते.

'तुमचा अर्ज आवडला. एक शंका आहे. तुमच्या मार्गदर्शकांनी पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात पंपाच्या पात्यांवरच्या तुमच्या कामाची फार स्तुती केली आहे. तुमच्या अर्जात पंप कुठेच नाही. हेच पत्र मला तीन वर्षांपूर्वी तुमच्याच विभागातल्या एका गृहस्थांसाठी आलं होतं. त्यांनी मात्र पंपांवर काम केलं होतं. मुलाखती पुढच्या मंगळवारी आहेत. शुक्रवारपर्यंत तुमच्या मार्गदर्शकांनी स्वतः लिहिलेलं पत्र थेट माझ्याकडे आलं तर तुमचा विचार करता येईल.'

मी फळ्याला पाठ टेकून उभी राहिले. मग मोबाइलवरच पोथी उघडली. पहिल्या परिच्छेदात माझं नाव. दुसऱ्यात बेअरिंग. तिसऱ्यात, ठळक, स्वच्छ, एकही चूक नसलेल्या भाषेत, पंप. माझ्या आधीचा चौदावा, ज्याला आम्ही पंपवाला म्हणायचो, त्याने मन लावून लिहिलेला परिच्छेद. मी दुसऱ्यातला विषय बदलला होता आणि तिसरा कधी पाहिलाच नव्हता. एक्केचाळीस विद्यापीठांना मी कळवून बसले होते की बेअरिंगवाली ही मुलगी पंपांत अद्वितीय आहे. साठ तास आधी दोष ओळखणारी मी, अडीच वर्षं स्वतःच्या पत्रातला पंप मला ऐकू आला नव्हता. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

तडक तळघरात गेले. सर यंत्राच्या झाकणात डोकं घालून होते. मिस्त्री बाजूला पाना धरून उभे.

"सर, पत्र हवंय."

"ठेव तिकडे. पेन दे."

"कागद आणलेला नाही. तुम्ही लिहायचंय."

सरांनी डोकं बाहेर काढलं. "मी? आजवर कधी लिहिलंय का?"

मी मेल वाचून दाखवली. पंपाशी आल्यावर मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, बराच वेळ पुसला.

"यावर मी सही केली?"

"बेचाळीस वेळा."

"आणि तू वाचलं नाहीस?"

"बेचाळीस वेळा."

मिस्त्री काहीतरी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि आत हसले. सर हसले नाहीत.

"मला ते जमत नाही," ते म्हणाले. "व्याख्यान सांग, आत्ता देतो. पत्रात काय लिहायचं? हुशार आहे, कष्टाळू आहे? नसती तर इथे टिकली असती का?"

"मग जे खरं असेल ते लिहा."

"खरं लिहिलं तर तुला कुणी घेणार नाही."

हे त्यांनी चेष्टेने म्हटलं नव्हतं, आणि मला ते झोंबलं. ते कशाबद्दल बोलत होते ते मला पक्कं माहीत होतं. चौथ्या वर्षी एका चाचणीत कंपन मर्यादेपलीकडे गेलं. सर म्हणाले, नमुना गेला, थांबव. मी म्हटलं, नमुना धडधाकट आहे, आवाज दुसरीकडून येतोय. ते बैठकीला गेले आणि मी चाचणी नऊ तास चालूच ठेवली. नवव्या तासाला यंत्राचा शाफ्ट मोडला, म्हणजे ज्या दांड्यावर सगळं फिरतं तो दांडाच. नमुना उतरवून पाहिला तर त्यावर ओरखडा नव्हता. माझं बरोबर होतं, आणि यंत्र सहा आठवडे बंद होतं. सरांनी स्वतः घडवलेला शाफ्ट. ते मला एक शब्द बोलले नाहीत, आणि त्या दिवसानंतर आजवर त्या गोष्टीचा उल्लेखही केला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला माफ केलेलं नाही, असं मी धरून चालले होते.

"लिहा," मी म्हटलं. "शाफ्टचंही लिहा. फक्त पंपाचं लिहू नका."

ते परत झाकणात वाकले. मी निघाले. मंगळवार, बुधवार गेला. सर दिसत होते, पण पत्राचं नाव काढत नव्हते. गुरुवारी मी मिस्त्रींना विचारलं.

"लिहितायत का हो काही?"

"लिहितायत कसले," मिस्त्री म्हणाले. "तुझे कोरे फॉर्म घेऊन गेलेत. पाच. कसली तरी चाचणी घ्यायची असेल."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. माझं सगळं त्या एका पत्रावर अडलेलं, आणि यांना चाचण्या सुचतायत. घरी येऊन मी ताईपुढे तोंडाचा पट्टा सोडला. तिने पूर्ण ऐकून घेतलं, रुग्णांचं ऐकते तसं.

"तूच लिहून पाठव मग," ती म्हणाली. "पासवर्ड आहे ना तुझ्याकडे."

खरं सांगायचं तर तो विचार माझ्या मनात येऊन गेला होता. छान लिहिलं असतं मी. शाफ्ट गाळला असता.

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी लिहिलं तरच."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर वर्तुळं."

ताईने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "बरं झालं पंप निघाला," ती म्हणाली आणि कामावर जायला उठली.

शुक्रवारी संध्याकाळी बाईंच्या कार्यालयातून दोन ओळी आल्या: पत्र पोचलं, मंगळवारी दुपारी तीनला मुलाखत. पत्रात काय आहे ते मला कळायचा मार्ग नव्हता. सरांना विचारलं तर म्हणाले, "गोपनीय असतं ना ते?" बेचाळीस पत्रांत नसलेली गोपनीयता त्यांना नेमकी त्रेचाळिसाव्यात आठवली.

मुलाखत ताईच्या जेवणाच्या टेबलावर झाली, लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तकं घालून. ताईची सुट्टी होती; ती आतल्या खोलीत बसून राहिली आणि खोकली तर आपण बाहेर जाऊ असं तिने आधीच जाहीर केलं होतं. पडद्यावर बाई आल्या. आखूड पांढरे केस, चष्मा कपाळावर, आणि मागे काचेपलीकडे ते यंत्र. पिवळा कठडा, त्यावर चढायला शिडी. यंत्रावर चढायला शिडी. मला उभं राहून नीट बघावंसं वाटलं.

"तुमच्या सरांचं पत्र आलं," बाई म्हणाल्या. "त्याला पत्र म्हणावं की नाही, ठरवता येत नाहीये मला."

त्यांनी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. अक्षरं वाचता येत नव्हती, पण रकाने मी पाच मैलांवरून ओळखले असते. माझा फॉर्म. सरांनी माझं शिफारसपत्र माझ्याच चाचणीच्या फॉर्मवर लिहिलं होतं, हाताने, निळ्या पेनाने.

"वाचू?" त्यांनी चष्मा खाली ओढला. "नमुना क्रमांक: पंधरा. भार: 'दिला तेवढा घेतला. नंतर स्वतः मागून वाढवून घेतला.' तापमान: 'लवकर चढते. तितक्याच लवकर उतरते.' हे खरं आहे?"

"उतरण्याचं थोडं वाढवून लिहिलंय."

"वंगण: 'चहा.'" त्यांचे ओठ हलले. "आवाज: 'पहिल्या दिवसापासून जास्त. प्रथम तो नमुन्यातला दोष समजलो. पुढे लक्षात आले की हा आवाज येतो तेव्हा बहुतेक वेळा दोष दुसरीकडे असतो.'"

मी लॅपटॉप जरा पुढे ओढला.

"नोंदवलेले बिघाड. इथे जागा पुरली नाही म्हणून त्यांनी कडेने लिहिलंय. 'चौथ्या वर्षी माझी सूचना न मानता चाचणी नऊ तास चालू ठेवली. यंत्राचा शाफ्ट मोडला. नमुन्याबद्दल तिचे बरोबर होते. दोष कुठे आहे हे शोधायला मी थांबलो असतो तर शाफ्ट वाचला असता, पण मी बैठकीला गेलो. पुढचे सहा आठवडे तिने रोज सकाळी कारागिरांबरोबर उभे राहून नवा शाफ्ट बसवला. हा बिघाड दोघांच्या नावावर धरावा.'"

बाईंनी कागद खाली ठेवला. "नऊ तास का चालवलंत?"

मी या प्रश्नाची उत्तरं पाच वर्षं मनात घोळवली होती, आणि त्यातलं एकही मला वापरावंसं वाटलं नाही.

"मला सिद्ध करायचं होतं की माझं बरोबर आहे," मी म्हटलं. "आवाज नमुन्यातून येत नाही हे मला पहिल्या तासात कळलं होतं. मग तो कुठून येतोय हे बघायला हवं होतं. मी ते बघितलं नाही. मी नुसती जिंकायला बसले होते."

"आणि आता तसं झालं तर? आमच्या शाफ्टचं वजन चाळीस टन आहे."

"आता आधी यंत्र बंद करून तपासीन. भांडण नंतर करीन."

"पण कराल."

"बरोबर असले तर करीन."

त्या हसल्या, पण लगेच कामावर आल्या. मोठं बेअरिंग मिनिटाला पंधरा फेरे घेतं, इतक्या मंद फिरण्यात दोषाचा आवाज जवळजवळ उठतच नाही, मग माझी पद्धत तिथे चालेल कशावरून? अर्धा तास त्यांनी मला या एका प्रश्नावर सोलून काढलं. मला जे येत होतं ते मी सांगितलं, कागदावर आकृती काढून कॅमेऱ्याला लावून दाखवली, आणि एका टप्प्यावर स्पष्ट म्हटलं, "यापुढे मला माहीत नाही. आमच्याकडे माहीत करून घ्यायची सोयच नाही. म्हणून तर तुमच्याकडे यायचंय." हे म्हणताना मला भीती वाटली नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी माझ्या विषयाबद्दल बोलत होते, आणि त्या मजेत मी मुलाखत देतेय हेही विसरले.

"ठीक," शेवटी त्या म्हणाल्या. "दोन रकाने राहिले. इतर नमुन्यांशी तुलना: 'प्रत्येक नमुना वेगळ्या भाराखाली चालवला. तुलना करणे योग्य नाही.' मला वर्षाला दोनेकशे पत्रं येतात. सगळे पहिल्या दोनांत असतात." त्यांनी कागद जवळ घेतला. "आणि त्याखाली एक ओळ त्यांनी आपली आपणच वाढवली आहे. 'पंपांचे ज्ञान: नाही.'"

आतल्या खोलीतून ताई खोकली. तो खोकला नव्हता.

"शेवटचा रकाना मला नीट समजला नाही, तुमच्याकडून समजून घ्यायचाय," बाई म्हणाल्या. "चाचणी थांबवण्याचं कारण. इथे फक्त दोन शब्द आहेत. 'यंत्र अपुरे.' म्हणजे काय?"

मला सांगायचं होतं. सोपं होतं, फॉर्म माझा, व्याख्या माझी. नमुना ठणठणीत आहे, आणखी भार घ्यायला तयार आहे, पण आमच्या यंत्राचीच ताकद संपली. मी तोंड उघडलं आणि मला रडू आलं. चांगलं, नाक वाहेपर्यंत आलं, पवनचक्कीच्या बेअरिंगसमोर. मग मी नाक पुसून त्यांना अर्थ सांगितला, एकेक शब्द, फॉर्ममध्ये आहे तसा. हे कारण नऊ वर्षांत कुणी लिहिलेलं नाही आणि ते यंत्र सरांनी स्वतः बांधलेलं आहे, तेही सांगितलं.

त्यांनी कागद बाजूला ठेवला. "तीन वर्षं भरायच्या आत नेमणूक व्हायला हवी ना तुमची?" त्यांनी विचारलं. "कार्यालयाला आजच सांगते. येताना या फॉर्मचं कोरं पॅड घेऊन या. आमच्याकडे लोक पाकिटांवर लिहितात."

ताईने बाहेर येऊन मला धरलं आणि माझ्या डोक्यावर हनुवटी ठेवली. तिने मला शहाणे म्हटलं नाही. मग मी तक्ता उघडला आणि बेचाळिसावी ओळ हिरवी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळघरात गेले. सर यायचे होते. मिस्त्री बाकावर एका कागदावर कसलंसं माप काढत होते. रद्दी कागदाची कोरी बाजू वापरायची त्यांची जुनी रीत. मी सांगितल्यावर त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "आता इथे शांतता होणार म्हणायची." मग त्यांनी समोरचे कागद माझ्याकडे सरकवले. "हे बघ. सरांनी टोपलीत टाकले होते. पाठकोरे होते म्हणून उचलले मी."

चार फॉर्म होते. चारही सरांच्या अक्षरात भरलेले. भार, तापमान, आवाज थोड्याफार फरकाने तेच. चहा चारही ठिकाणी. शाफ्टचा मजकूर पहिल्यात एका ओळीचा होता आणि प्रत्येक कागदावर वाढत गेला होता. 'मी बैठकीला गेलो' हे तिसऱ्यात पहिल्यांदा आलं होतं. शेवटच्या रकान्यात पहिल्या कागदावर लिहिलं होतं, 'वेळ संपली', आणि ते खोडलं होतं. दुसऱ्यावर पुन्हा 'वेळ संपली', पुन्हा खोडलेलं. तिसऱ्या आणि चौथ्यावर तो रकाना रिकामा होता.

जिन्यावर सरांची पावलं वाजली. मी कागद पालथे घातले.

"काय म्हणाल्या बाई?" त्यांनी कोट खुंटीला लावत विचारलं.

"घेतलं."

"हं." ते यंत्रापाशी गेले, हात ठेवून बघितला, गरम आहे का ते. "शाफ्टचं विचारलं?"

"विचारलं."

"आणि पंप?"

"त्यांना तुमची ओळ आवडली."

ते गालात हसले. मी जवळ गेले. विचारायचं खूप होतं, पण आमच्यात ती पद्धत नव्हती.

"सर, शेवटचा रकाना," मी म्हटलं. "आपलं यंत्र कधी कमी पडत नाही म्हणाला होतात."

सरांनी झाकण उघडलं आणि आत वाकले. त्यांची फक्त पाठ दिसत होती. मग आतून आवाज आला.

"रिकामा ठेवला असता तर तू ओरडली असतीस," ते म्हणाले. "तो पाना दे."

मी पाना दिला.